अक्षरं शाबूत आहेत

तारांना डाख देताना वितळणाऱ्या राळेचा वास श्रावणातल्या दमट हवेत लवकर विरत नाही. तो टेबलावरच्या दिव्याभोवती घुटमळतो, ओल्या छत्र्यांच्या वासात मिसळतो आणि दुकानाची पायरी चढणाऱ्या माणसाला क्षणभर एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं वाटायला लावतो. मला तो वास फार आवडतो. कुठेतरी तुटलेलं काहीतरी पुन्हा जोडलं जातंय, याची ती पहिली वर्दी असते.

रत्नागिरीच्या बाजारपेठेपासून दोन वळणं आत, खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात, माझं संगणकदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. या वाऱ्याला तांब्याचं भारी वेड! कितीही घट्ट झाकलेली पेटी असो, तो फटीतून आत शिरतो आणि तांब्याच्या रेषांवर हिरवट गंजाची नाजूक नक्षी काढून ठेवतो. आंब्याच्या मोहरावरचा तुडतुडा जसा बागायतदार ओळखतो, तशी मी ती नक्षी ओळखते. आणि तिच्यावरचा माझा पहिला उपाय काय, सांगू? शाळेत मिळतो तो साधा खोडरबर. मेमरीची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हलकेच फिरवायचा आणि पट्टी परत बसवायची. निम्मी मेलेली यंत्रं एवढ्याने डोळे उघडतात. चुका पुसायच्या वस्तूने कुणी प्राण परत आणावेत, यात मला अजूनही मौज वाटते.

पण "हे फेकून द्या, नवीन घ्या" असं सांगणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो. न उघडताच निकाल देणारा माणूस एकतर आळशी असतो किंवा लबाड, आणि दोन्ही प्रकारांना आपल्याकडे हुशार म्हणायची पद्धत पडली आहे! माझं टेबल म्हणूनच गिऱ्हाइकाकडे तोंड करून आहे. मागच्या भिंतीवर मी हाताने लिहिलेला कागद आहे: "यंत्र तुमचं आहे. ते उघडताना पाहण्याचा हक्कही तुमचाच आहे." लोक हसतात, म्हणतात, ही दुकानाची पाटी आहे की मोर्चाची? त्यांचं खरं आहे. मी पत्रकांवर वाढले. बाबांचा लहानसा छापखाना होता. दिवसा तिथे लग्नपत्रिका छापल्या जात आणि उरलेल्या वेळात गावची शाळा वाचवा, बंद केलेली एसटी पुन्हा सुरू करा, अशी पत्रकं. इतर मुली बाहुल्या सजवत त्या वयात मी शुद्धलेखन तपासत होते, उद्गारचिन्हं मोजत होते आणि एसटी स्टँडवर अनोळखी माणसाच्या हातात कागद कसा द्यावा, की तो घेईलच, ते शिकत होते.

आणखी एक रीत मी पाळते. पेटी उघडण्याआधी गाऱ्हाणं ऐकायचं. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा थेट मागणीला कुणी हात घालत नाही. आधी गाव, घराणं, झालेला घोळ, सगळं यथासांग सांगायचं. संगणकाचंही तसंच आहे. "चालू होत नाही" हे गाऱ्हाणं नव्हे, तो नुसता हुंदका. खरी गोष्ट त्याच्या मागे असते.

गणपतीला नऊ दिवस उरले होते, त्या सकाळी बाबल्याकाका आले. लांज्याच्या आतल्या अंगाला एक गाव आहे, तिथल्या जाखडीच्या मंडळात ते ढोलकी वाजवतात. जाखडीच्या नाचात दोन मंडळं समोरासमोर उभी राहतात, एक शक्तीवाल्यांचं, एक तुरेवाल्यांचं. शाहिरांनी गाण्यातून सवाल टाकायचा आणि समोरच्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. बाबल्याकाका शक्तीवाले. नव्या लुगड्यात गुंडाळलेली संगणकाची पेटी त्यांनी अलगद टेबलावर ठेवली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"बाय, मालक कुठं हायत?"

"मीच."

"मंग बरा झाला. बापयाफुडं रडाया लाज वाटली असती." आणि ते रीतसर गाऱ्हाणं घालू लागले. "आमचा दादा मंडळाचा शाहीर. वहीला वाळवी लागली म्हनून सगली गानी ह्याच्यात भरलान. चैतात दादा गेला. मे महिन्यात पुतन्या मुंबयसून आला, म्हनला, काका, पेटी साफ करून देतो. अशी साफ केलान गो बाय, की एक अक्षर मराठी ऱ्हायला न्हाय! सगला इंग्रजी झाला. नि आता आठ दीस झालं, पेटी चालूच व्हईत न्हाय. पुतन्या फोनवर म्हनतो वायरस हाय, सगला पुसून टाका."

"पुसू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की बाकावर प्रिंटर मांडीवर घेऊन बसलेल्या शाळेच्या बाई दचकल्या.

गौरी आल्या की दुसऱ्या दिवशी मांडवात सामना होता. दादांनी पूर्वी एकदाच टाकलेला एक सवाल असा होता, ज्याचा जबाब तुरेवाल्यांना त्या दिवशी देता आला नव्हता. त्यांच्या आठवणीसाठी यंदा तोच पुन्हा टाकायचा, असं मंडळाने ठरवलं होतं. गाणी याच पेटीत. दुसरीकडे कुठेच नाहीत.

मी त्यांच्यासमोर पेटी उघडली, आणि काय दिसलं म्हणता? पंख्याच्या पात्यांवर लालभडक कुंकू, जाळीत अडकलेल्या वाळक्या झेंडूच्या पाकळ्या, तळाशी अक्षता! दसऱ्याला हत्यारांबरोबर पेटीचीही पूजा झाली होती आणि पुजाऱ्याने हात राखला नव्हता. बाई हसू लागल्या. काका अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "जरा जास्त झाला काय गो?" नाही, काका. मला तर तो पंखा धुवायचंही जिवावर आलं. ज्या घरात यंत्राला हळदकुंकू लागतं, त्या घरातून ते यंत्र भंगारात कसं जाईल? यंत्राशी इतक्या सभ्यपणे वागणारे लोक जगात आहेत तोवर माझ्या धंद्याला मरण नाही!

ब्रश फिरला, खोडरबर फिरला. पडदा उजळला. दादांची फाइल उघडली, आणि सबंध पानभर कंस, स्वल्पविराम, इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं यांचा विस्कटलेला ढीग पसरला. काकांनी मान खाली घातली. "बघितलास? बाधा झालीय."

मी मात्र खुर्चीतून उठून उभीच राहिले. ती बाधा नव्हती. ते माझं बालपण होतं! बाबांच्या छापखान्यात ज्या जुन्या फाँटमध्ये पत्रकं जुळवली जात, तोच फाँट दादांनी वापरला होता. त्या फाँटमध्ये प्रत्येक मराठी अक्षर एखाद्या इंग्रजी अक्षराच्या पोटात लपून बसतं. फाँट असला की पडद्यावर मराठी दिसते, फाँट गेला की उरतो तो हा असा ढीग. पुतण्याने पेटी साफ करताना नेमका तो फाँट उडवला होता. अक्षरं मात्र जिथल्या तिथे होती, फक्त त्यांचे कपडे चोरीला गेले होते.

फाँट माझ्याजवळ होता. तो बसवायला दोन मिनिटं लागली असती. पण मला राहवेना. लहानपणी मी तो ढीग तसाच वाचायला शिकले होते. मी पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा काका. मोठा ए आणि एम, म्हणजे आ. मोठा जे म्हणजे ग. लहान ए म्हणजे र. आगर!"

काकांनी मान वर केली. "परत वाच."

"आगरातून चालली गवळण..."

"डोईवर घागर गो!" पुढची ओळ त्यांच्या तोंडून आपोआप निघाली आणि बोटं टेबलावर ढोलकी वाजवू लागली. स्क्रू नाचू लागले. बाईंनी मांडीवरच्या प्रिंटरवर ताल धरला. मी एकेक ओळ त्या कचऱ्यातून उपसत होते आणि काका पुढची ओळ गात होते, जणू विहिरीतून दोघांनी मिळून पोहरा ओढावा. मग मी फाँट बसवला आणि सबंध पान एकदम मराठी झालं. काकांनी हात जोडले, मला नव्हे, पानाला.

शेवटच्या पानावर तो सवाल होता. "सांग तुऱ्या, शंकराच्या माथी चंद्राची कोर." आणि खाली? खाली नुसते ठिपके. एक संपूर्ण ओळ ठिपक्यांची.

मी हार्ड डिस्क पुन्हा पुन्हा तपासली. काहीही बिघडलेलं नव्हतं. ते ठिपके दादांनी स्वतः टंकले होते. फाइल कुणाच्या हाती लागली तरी सवाल चोरीला जाऊ नये, म्हणून अर्धा डोक्यात ठेवला होता.

काकांनी कपाळावर हात मारला. "आमचा दादा! कुलूप लावलान नि चावी घेऊन गेला."

"पण तुम्ही तिथे होतात ना? ऐकलं असेल."

"मी ढोलकीवर व्हतो गो. माजा ध्यान बोटांत. बाकीचे नाचत व्हते."

दुरुस्त करता येईल असं माझ्या टेबलावर आता काहीच उरलं नव्हतं. अशा वेळी माझ्यातली पत्रकवाली जागी होते. शब्द लपवून जपायचे असतात, हे मला कुणी कधी शिकवलंच नाही. बाबा हजार प्रती काढायचे, त्यातल्या नऊशे वाऱ्यावर गेल्या तरी शंभर कुणाच्या तरी खिशात राहतील म्हणून. दादांचा सवाल कुणाच्या खिशात राहिला असेल? ज्याला जबाब देता आला नाही, त्याच्या!

"तुरेवाल्यांचा शाहीर कोण?" मी विचारलं.

"गंगारामबुवा. त्याला इचारू? त्यापेक्षा मेलेला बरा!"

"मग सवालही मेला."

काकांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तो माझ्या हातात कोंबला. मी सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला, कोण बोलतेय ते सांगितलं, बाबल्याकाका समोर बसलेत म्हणाले.

"बाबल्या? मेल्या, दादाच्या दिवसांना आलो तवा तोंड फिरवून बसलास, नि आता दुकानातनं फोन लावतोस?"

मीच ठिपक्यांची हकिकत सांगितली. पलीकडून एक खरखरीत, भरदार आवाज उठला.

"सांग तुऱ्या, शंकराच्या माथी चंद्राची कोर, त्या कोरीची सावली पडली कुनावर?"

मी ओळ पावतीच्या पाठीवर उतरवून घेतली.

"तीन वर्सं पोटात हाय माज्या," बुवा म्हणाले. "जेवताना हाय, नांगर धरताना हाय. ह्या आषाढात भाताची लावणी करता करता जबाब सापडला. पन ज्याला द्यायचा तोच न्हाय. बाबल्या, ऐकतोस ना? टाका रे तो सवाल. न्हायतर माजा जबाब माज्यातच कुजंल."

काकांनी डोळे पुसले आणि घसा खाकरला. "टाकतो, बुवा."

"नि ढोलकी जरा नीट लाव. मागच्या खेपेला बसल्याली."

"तुजा गला बसल्याला!" काका ओरडले, आणि फोनच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी हसू फुटलं.

मी ठिपके पुसायला निघाले, तर काकांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे ते. दादाचे हायत. खाली लिव." मी खाली ओळ टंकली. मग त्यांच्या सांगण्यावरून आणखी एक जोडली: "ही ओळ तुरेवाल्यांनी सांभाळली." दिवसभर मी इतरांच्या माहितीच्या प्रती काढून ठेवत असते, पण माणसाची सर्वात खात्रीची प्रत त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे असू शकते, हे मला कुठल्या यंत्राने शिकवलं असतं?

पेटी पुन्हा लुगड्यात गुंडाळली गेली. पायरीवर छत्री उघडता उघडता काका थबकले.

"बाय, कुनावर पडली असंल गो ती सावली?"

"म्हणजे? सवाल तुमचा, आणि तुम्हालाच ठाऊक नाही?"

"दादानं कवा सांगितलानच न्हाय," ते म्हणाले आणि हसत हसत पावसात उतरले, गौरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी जबाब समोरच्या बाजूकडून ऐकायला.