डाव्या सीटवरचे दाजी

अक्काचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खात होतो. "हे गेले रे," ती म्हणाली. आणि मी, पन्नाशी ओलांडलेला, भूमिती शिकवणारा शहाणा माणूस, विचारून बसलो, "गाडी घेऊन? चालवतंय कोण?" पलीकडून हुंदका आला, मग कळलं. त्याला आता दीड महिना झाला, पण खरं सांगतो, मी अजून त्या गाडीतच अडकलोय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लातूरला तुरीची आडत, कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा, आणि भाजी धुतलेलं पाणी तुळशीला गेलं की नाही हे स्वतः बघणारा माणूस. अशा माणसानं, लातूरला रेल्वेनं पाणी यायचं त्या दुष्काळात, काळीभोर जर्मन गाडी आणली. धुवायला पाणी कुठलं? अक्का ओल्या फडक्यानं पुसायची. शेजारचे म्हणायचे, "लोकायला प्यायला पाणी न्हाई अन् मालक पेट्रोल पिऊन राहिले!" दाजी म्हणायचे, "धूळ आपल्या गावचीच हाय, बसू द्या की."

त्यात गंमत अशी की दाजींना गाडी चालवता येत नव्हती. शिकायचंही नव्हतं. "पाव्हणं हाय की चालवायला," म्हणाले. पाव्हणं म्हणजे मी, ज्याची स्वतःची गाडी साठच्या पुढं गेली की चारी दारं कण्हायला लागतात. तरी रविवारी मी एसटीनं लातूरला जायचो आणि दाजी माझ्या डावीकडं, सीट पार मागं रेलून बसायचे. चाकूर ओलांडलं की डोळे मिटायचे, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरायचे आणि म्हणायचे, "हाण."

पाय नुसता टेकवला तरी पाठ सीटला चिकटायची. मी काट्याकडं बघायचो नाही, आधीच घाम फुटलेला असायचा. बाहेर करपलेलं रान, टँकर, रिकाम्या घागरींच्या रांगा मागं फेकल्या जायच्या, आणि आत आवाज म्हणून नाही. हातातलं चाक इतकं शांत की भीती नेमकी कशाची वाटतेय तेच कळायचं नाही. माझ्यासारख्या भित्र्यालाही मग वाटायचं, हे संपू नये... अहमदपूरच्या अलीकडं कोरड्या तलावाचा बांध आला की दाजी न बघताच म्हणायचे, "बस." टपरीवर चहा, आणि परत. बास, एवढंच.

कशासाठी? मी खूप तर्क लढवले. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा दाजी तुरीचे नमुने घेऊन सायकलवर हिंडायचे, आणि नव्या साहेबांच्या गाड्या त्यांच्या अंगावर फुफाटा उडवत जायच्या. तो राग असेल? पण मग मागं पडलेल्यांना बघायला डोळे तरी उघडे ठेवावेत! ती मूठ भीतीची होती की आनंदाची, तेही उमगलं नाही. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही समोर बघा."

हे सगळं आता आठवायचं कारण अक्का. पाहुणेरावळे पांगल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "घरात चार-चार दिवस बोलायचे न्हाईत. तुझ्यासंगं मात्र दर रविवारी जायचे. काय बोलायचे रे? माझं काही निघायचं का?"

ते एक 'समोर बघा' सोडलं, तर इतक्या वर्षांत त्या गाडीत झालेलं सगळं बोलणं दोन शब्दांचं. मी चहाचा कप विसळत बसलो, आधीच विसळलेला.

गेल्या रविवारी तीच म्हणाली, "मला ने त्या रस्त्यानं." ती डावीकडं बसली. त्या गाडीला दाजींची बैठक पाठ आहे. दुसऱ्या कुणी सीट हलवली, तरी दारावरचं बटण दाबलं की ती हळूहळू मागं सरकत पुन्हा दाजींची होते. आत्ताही ती तशीच होती. अक्काचे पाय खाली नीट टेकेनात.

"पुढं घेऊ का?"

"राहू दे."

चाकूर गेलं. मी मनातल्या मनात एक वाक्य जुळवून ठेवलं होतं, दाजींच्या तोंडी शोभेल असं, तिच्याबद्दलचं. तेवढ्यात तिनं विचारलं, "इथं काय म्हणायचे?"

पण तोंडातून खरं तेच निघालं. "हाण."

"अन् मग?"

"मग तलाव आला की, बस."

"दुसरं काहीच न्हाई?"

"न्हाई, अक्का."

ती रडेल असं वाटलं. पण तिनं डोकं मागं टेकवलं, डोळे मिटले, पदराखाली हात नेऊन स्वतःच्या गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवंगार उभं होतं, तिला ते दिसतही नव्हतं.

"हाण," ती म्हणाली.

मी पाय टेकवला. पाठ सीटला चिकटली. रस्ता येत राहिला... तलाव आला, यंदा त्यात पाणी होतं. तलाव मागं गेला. मी कान देऊन वाट बघत होतो, पण अक्का 'बस' म्हणालीच नाही. आणि पुढं कुठं थांबायचं, ते मला दाजींनी कधी सांगितलेलं नव्हतं.