आवाज विरेपर्यंत

विमाननगरच्या कोपऱ्यावर भाजी घेताना त्या मला रोज दिसायच्या. साठीच्या, सुती साडी आणि पायात नातवाचे असावेत असे बूट. डोक्यावरून विमान निघालं की त्यांच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहायची, मान वर जायची. आवाज पूर्ण विरेपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत. भाजीवाली भाव सांगून दमायची.

मला उगाचच चीड यायची. एकदा विचारलंच, "काकू, विमान पहिल्यांदाच बघताय का?"

आवाज विरल्यावर त्या म्हणाल्या, "माझा मुलगा पायलट आहे."

"ह्यात होता?"

"छे, तो आज कोचीला."

"मग एवढा जीव टांगणीला कशाला? त्याच्यावर भरवसा ठेवा की."

"त्याच्यावर आहेच हो. पण विमान त्यानं थोडंच बनवलंय? बनवणाऱ्यांच्या काय काय बातम्या येतात हल्ली. हेही तो चालवतो त्याच कंपनीचं होतं. एक नीट गेलं, की पुढचं येईपर्यंत बरं वाटतं."

जुडी पिशवीत टाकून त्या निघाल्या आणि पुढच्या विमानाला भर रस्त्यात थांबल्या. रिक्षावाला ओरडला, तरी हलल्या नाहीत.

गेले काही दिवस त्या दिसत नाहीत. मुलाकडे गेल्या असतील, असं मी स्वतःला सांगतो. काल कोथिंबीर घेताना डोक्यावर घरघर झाली.

"साहेब, तुमचं कोण आहे त्यात?" भाजीवालीनं विचारलं.

आवाज पूर्ण विरेपर्यंत मी तिला उत्तर दिलं नाही.