शर्मिलाला मध्येच सोडून

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागच्या सोसायटीत राहणारी सुनयना मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याचा, उदयसिंहांचा, ट्रकचा धंदा. घरात सतत राबता: कधी ड्रायव्हर जेवायला, कधी गावाकडचं कुणी दवाखान्यासाठी मुक्कामाला. लग्नानंतर एकही गोष्ट तिला शेवटापर्यंत करायला मिळाली नव्हती. शिवणक्लास अर्ध्यावर सुटला. सिनेमाला गेली तरी पाहुणे आल्याचा फोन यायचा आणि ती मध्यंतरालाच उठायची. तक्रार केली नाही कधी, पण मनात राहून गेलं होतं.

शेजारच्या बिल्डिंगमधली शर्मिला तिची जिवाभावाची मैत्रीण. सरकारी ऑफिसात क्लार्क होती, नवरा लवकर गेला, मुलाला एकटीनं वाढवलं. सुनयनाचं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा शर्मिला रजा टाकून तिच्या उशाशी बसली होती. इजिप्तचं खूळ शर्मिलाचंच. सकाळी एकत्र फिरायला जाणाऱ्या मंजुषा आणि राजलक्ष्मीलाही तिनंच तयार केलं. "वाळू बघायला एवढ्या लांब?" म्हणत उदयसिंहांनी परवानगी दिली, आणि चौघी कैरोला पोचल्या.

मोठ्या पिरॅमिडच्या आत जायचं म्हटल्यावर मंजुषा आणि राजलक्ष्मी बाहेरच थांबल्या. दाराशी शर्मिला हळूच म्हणाली, "मला कोंदट जागेत धाप लागते गं. तू बरोबर राहशील ना?"

"तुला सोडून जातीय व्हय मी!" सुनयना म्हणाली.

आतली वाट एवढी बुटकी, की कमरेत वाकून चढावं लागत होतं. ती संपल्यावर उंच, अरुंद दालन लागलं. तिथून लाकडी फळ्यांचा उभा चढ थेट वरच्या खोलीपर्यंत जात होता. शर्मिलानं कठडा घट्ट धरला. तिचा चेहरा घामानं निथळत होता.

"सुनयना, मला नाही जमणार. चल, खाली जाऊ."

सुनयनानं वर पाहिलं. लोक खोलीत शिरताना दिसत होते. आताही अर्ध्यावरूनच परतायचं?

"इथंच बस. मी आत्ता वर जाऊन आले."

ती चढू लागली. मागून शर्मिलानं हाक मारली. सुनयनानं वळून पाहिलं, हातानं 'थांब' अशी खूण केली आणि पुन्हा चढू लागली.

वर खोलीत दगडाची एक रिकामी पेटी होती. बाकी काही नाही. उतरून आली तर शर्मिला जागेवर नव्हती. बाहेर आल्यावर कळलं, धीर सुटून ती एकटीच परत निघाली होती, बुटक्या वाटेत घसरून मनगटावर पडली होती. अनोळखी लोकांनी तिला धरून बाहेर आणलं होतं.

"पाय घसरला," शर्मिलानं बाकीच्या दोघींना एवढंच सांगितलं. सुनयना गप्प राहिली.

पुढची सगळी देवळं शर्मिलानं प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून पाहिली. सुनयना तिची वेणी घालायची, ताटातल्या पावाचे तुकडे करून द्यायची. शर्मिला प्रत्येक वेळी "थँक्यू" म्हणायची. इतक्या वर्षांत तिनं हा शब्द सुनयनासाठी कधी वापरला नव्हता. नाईलच्या बोटीत राजलक्ष्मी म्हणाली, "सख्खी बहीण करणार नाही एवढं करतेय ही." सुनयनानं तोंड नदीकडे फिरवलं.

घरी आल्यावर उदयसिंह आल्यागेल्याला कौतुकानं सांगू लागले, "आमच्या हिनं पिरॅमिड सर केला." ती चहाच्या निमित्तानं आत निघून जायची. एके सकाळी फिरताना मंजुषानं पुन्हा तिच्या सेवेचं कौतुक काढलं, तशी ती रस्त्यातच थांबली.

"मी तिला आत एकटी सोडून वर गेले होते. ती चल म्हणत होती. माझ्यामुळं पडली ती."

सुनयना तिथूनच शर्मिलाकडे गेली आणि मंजुषा-राजलक्ष्मीला सगळं सांगून टाकलंय, असं तिला म्हणाली.

"कशाला सांगितलंस? मी झाकलं होतं ना?"

"झाकलंस, म्हणूनच जिवाला लागलं. मला माफ कर, शर्मिला."

शर्मिला बराच वेळ प्लास्टरावरून बोट फिरवत राहिली. "हाताचं काही नाही गं, तो जुळेल. मी हाक मारली, तू वळून बघितलंस आणि तरी गेलीस. ते डोळ्यांपुढून हलत नाही."

शिवणक्लास, सिनेमे, सगळं सुनयनाच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. शर्मिलाचं आयुष्य काय कमी अर्धवट राहिलं होतं?

"तुझ्यावर राग धरून मला जगता यायचं नाही," शर्मिला म्हणाली. "पण थोडा वेळ दे."

प्लास्टर निघाल्यावर शर्मिला पुन्हा फिरायला येऊ लागली. सुनयनाशी बोलते, हसतेही. परवा चौघींचं हंपीला जायचं ठरलं. खोल्यांचा विषय निघाला तेव्हा शर्मिला सहज म्हणाली, "मी राजलक्ष्मीबरोबर राहीन."

"बरं," सुनयना म्हणाली. वाईट वाटलं तिला. पण शर्मिलाचं चुकतंय, असं काही तिला म्हणवेना.