झिऱ्यावर हात कोणी लावला

नमस्कार. इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, बहुतेक वेळा तोंड वाकडं करून. लिहिते मात्र पहिल्यांदाच.

स्पष्टच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही आहे असं म्हणवत नाही. आम्ही बौद्ध. माहेरी-सासरी दोन्हीकडे अंगारे-धुपारे, उतारे, नवस यांना थारा नाही. शेजारी कोणाच्या अंगात आलं तर माझे वडील आधी त्याला दवाखान्यात न्यायचे आणि मग खडसावायचे. त्यामुळे हे सांगायचीही चोरी वाटते... नात्यातल्या कोणी वाचलं तर म्हणतील, डोंगरावर जाऊन बाईचं डोकं फिरलं. फिरलं असेलही. पण मनात ठेवून ठेवून आता थकले, म्हणून लिहिते.

जिल्हा वाशिम. जऊळक्याला उतरलं की जीप मिळते. ती भरली की निघते आणि घाट चढून आमच्या गावाच्या फाट्यावर सोडते. तिथून पुढे पायी. गावाचं नाव लिहीत नाही. आमचे डोंगर काही फार उंच नाहीत, फोटो काढायला कोणी येत नाही. पण डोक्यावर ओझं असलं की डोंगर तो डोंगरच.

लग्नानंतरचं सगळं आयुष्य मी पिंपरीत काढलं. आमचे हे तिथे एका कारखान्यात मशीनवर होते. मूलबाळ नाही. तीन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय व्यायामाने थोडा सुधारला, धरून धरून चार पावलं टाकतात. हात मात्र आला नाही. खांद्याला लटकतो, बोटं मिटलेली, आणि बारीकशी थरथर असते त्याला सतत. बोलणंही गेलं होतं, ते हळूहळू परतलं. गंमत म्हणजे जे परतलं ते लहानपणचं वऱ्हाडी. अर्धं आयुष्य पुण्याकडचं बोललेला माणूस एकदम ‘मले पानी दे’ म्हणायला लागला. आणि एकच धोशा... ‘गावाले चाल.’

आम्ही राहायचो चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ह्यांना दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चार माणसांनी उतरवायचं. शेजारीही किती दिवस करणार? शेवटी आले गावाला. टिनाचं छप्पर असलेल्या दोन खोल्या होत्या, चुलत दिरांनी झाडून ठेवल्या होत्या.

लोक म्हणतात, खेड्यात शांतता असते. असते खरी. इतकी की पहिले काही महिने मला झोपच लागेना. पिंपरीत पहाटेच्या सायरनने जाग यायची, इथे रोही, म्हणजे नीलगाय, शेतात शिरली म्हणून कोणी डबा बडवतो त्याने. गॅसचं सिलिंडर फाट्यापर्यंतच येतं. पिठाची गिरणी लाईट असेल तेव्हाच. नळयोजनेची टाकी आहे, रंगही छान दिलाय, पण तिची मोटर उन्हाळा लागला की हमखास जळते. मग सगळं गाव झिऱ्यावर. झिरा म्हणजे खालच्या नाल्यात खडकातून झिरपणारं पाणी. वाटी-वाटीने भरायचं आणि डोक्यावर घेऊन चढायचं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. भरलेला हंडा — इकडे त्याला गुंड म्हणतात — एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही. निदान मला तरी नाही. आपण डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून थोडं वाकायचं, समोरचीने एका कडेला धरायचं, आपण दुसऱ्या, आणि एका दमात वर. याला म्हणतात हात लावणं. झिऱ्यावर गेलेली बाई दुसरी येईपर्यंत थांबते. भांडण असलं तरी हात लावायला नाही म्हणायचं नाही, आणि लावणारीचे आभारही मानायचे नाहीत. मी सुरुवातीला ‘थँक्यू’ म्हणायचे तर बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. शेजारच्या शोभाताई म्हणाल्या होत्या, “थँक्यू कायले म्हनता वैनी? उद्या तुमी मले हात लावसान. झालं.”

दोन उन्हाळे मी असे काढले. गुडघे गेले, वजन उतरलं. ह्यांना उठवणं, बसवणं, भरवणं, धुणं, आणि मधल्या वेळात पाणी. गाव चांगलं आहे, पण गावाला आपापली कामं आहेत. रात्री पडले की वाटायचं, सकाळ नाही झाली तरी चालेल. पाप लागो की काही लागो, असं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भावाने पुण्यात एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात माझ्यासाठी काम बघितलं. राहायला खोली, पण एकट्या बाईसाठी. ह्यांच्यासाठी अकोल्याकडे एक संस्था बघितली, अशाच माणसांना सांभाळणारी. भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, तू मेलीस तर त्यांना तसंही तिथेच जावं लागेल. जिवंतपणी सोय कर. संध्याकाळपर्यंत सांग, ते लोक थांबणार नाहीत.” खोटं काय होतं त्यात? हे खाटेवर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांना किती ऐकू गेलं, किती कळलं, देव जाणे... नाही, देव म्हणायची सवय लागलीय इथे. कळलं नाही मला.

त्या दिवशी सकाळीच ह्यांनी अंथरूण खराब केलं होतं. घरात होतं नव्हतं ते सगळं पाणी त्यात गेलं, पिण्याच्या माठातलंसुद्धा. त्यात वस्तीतल्या एका मुलीचं शेलूबाजारला साक्षगंध. साखरपुड्याला इकडे साक्षगंध म्हणतात. आमची सगळी वस्ती दोन गाड्या करून गेलेली. मला परत परत चढणं शक्य नव्हतं, म्हणून सगळ्यात मोठा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, गुंड घेतला. ह्यांना भिंतीला टेकवून खाटेवर बसवलं, स्वच्छ पांढरा शर्ट घातला, बाहेरून कडी लावली आणि निघाले. कडी नेहमीच लावते, पडतील म्हणून.

झिऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. दुपार चढलेली. गुंड भरायलाच खूप वेळ गेला. मग उचलायची वेळ आली. गुडघ्यावर घेतला, खांद्यापर्यंत नेता नेता निसटला आणि निम्मं पाणी सांडलं. पुन्हा भरला. खडकावर ठेवून खालून डोकं घालायचा प्रयत्न केला, मान लचकली. पाणी टाकून अर्धा गुंड न्यावा तर धुणंसुद्धा व्हायचं नाही, परत यावं लागणार. बाई येईल म्हणून बसून राहिले. कोण येणार? बाकीचं गाव पहाटेच भरून नेतं, आणि आमच्या वस्तीतल्या सगळ्या जेवणाच्या पंगतीत.

तिथे बसल्या बसल्या मी ठरवलं. भावाला हो म्हणायचं. रडले वगैरे नाही, रडायला अंगात जोर लागतो. ‘बास झालं’ एवढंच वाटलं. दगडाला टेकले आणि आपसूक मोठ्याने म्हणाले, “हात लावा हो कोणीतरी...”

माझी मलाच लाज वाटली. तरी उठले, चुंबळ डोक्यावर ठेवली, वाकले आणि दोन्ही हातांनी कड धरली. एकदा शेवटचं करून बघावं म्हणून. आणि गुंड उचलला गेला.

कसं सांगू? माझ्या जोराने नाही. समोरून कोणीतरी धरला. पाणी तोंडावर उडालं म्हणून डोळे मिटले गेले, पण धरल्याचं हाताला कळतं. दोन उन्हाळे रोज कोणी ना कोणी हात लावलेली बाई आहे मी. बाया दोन्ही हातांनी धरतात तेव्हा गुंड सरळ वर जातो. हा तिरका गेला. एका हाताने उचलल्यासारखा, आणि तो हात थरथरत होता. मध्येच अडकला, मला वाटलं सुटतो आता. माझ्या मनात आलंही, कोण ही अडाणी बाई, नीट धरता येत नाही? मग पुन्हा जोर आला आणि गुंड चुंबळीवर बसला.

मी म्हणाले, “बरं झालं बाई आलात, कोणाच्या तुम्ही?” डोळ्यांतलं पाणी झटकत, बोलता बोलता मी वाटेकडे वळलेही होते.

डोक्यावर भरला गुंड असताना मागे वळता येत नाही. वळायचं तर सगळ्या अंगाने. पहिल्या वळणावर वाट रुंद होते, तिथे वळून बघितलं. झिरा स्वच्छ दिसत होता, दोन्हीकडचा उतारही. उन्हाळ्यात सागाला पान नसतं, लपायला जागा नाही. कोणी नव्हतं. मला भीती वाटली नाही, हेही सांगते. गेली असेल नाल्यानालाने खाली, असं म्हणून चढायला लागले. डोक्यावर ओझं असताना भुताचा विचार होत नाही हो.

घरी आले. कडी होती तशी. गुंड ओट्यावर उतरवला, थोडा सांडलाच. आत गेले.

हे होते तसेच बसलेले, भिंतीला टेकून. पण चेहरा घामाने भिजलेला आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आणि उजवी बाही ओली. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत चिंब, खाली फरशीवर थेंब पडत होते. डावी कोरडी ठणठणीत.

मी नेहमीसारखी ओरडले, “आत्ताच शर्ट घातला होता ना? कुठून सांडलंत पाणी?”

बोलून गेले आणि मग लक्षात आलं की घरात पाणी नव्हतं. माठ पालथा घातलेला. तांब्या कोरडा. मी गेले होते तीच घरात थेंब नाही म्हणून.

जवळ जाऊन त्यांचा हात हातात घेतला. एरवी मिटलेली बोटं थोडी उघडी होती आणि तळव्यावर आडवा लाल वळ होता. गुंडाची कड तळव्यात रुतली की उठतो तसला. माझ्या दोन्ही हातांवर त्या क्षणी तसेच वळ होते. मी शेजारी शेजारी धरून बघितले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो, मी थांबले.

“लय... जड... होता,” ते म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी खाली बसले. भावाचा फोन आला तेव्हा उन्हं कलली होती. मी नको म्हणाले. तो चिडला, कारण विचारलं, मला सांगता आलं नाही. आजही तो नीट बोलत नाही. त्याची बाजू चुकीची आहे असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी शोभाताईंना विचारलं, काल साक्षगंधाला न गेलेली कोणी बाई होती का.

“कोनी नाई वैनी. समद्याच तं आमी गाडीत होतो. काहून?”

मी सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

“आपून हे मानत नाई,” त्या म्हणाल्या.

“मी तरी कुठे मानते?”

“घाम असन तो. गर्मी किती होती.”

“एकाच हाताला?”

त्यांनी बराच वेळ तांदळातला खडा शोधला. मग म्हणाल्या, “तुमी एकट्या जाऊन नका राहू झिऱ्यावर. मले हाक मारत जा, मी येत जाईन. अन् हे कोनाले सांगू नका, लोकं त्याइले पाह्याले येतीन.” तेव्हापासून त्या खरंच सोबत येतात.

वाशिमच्या डॉक्टरांना मी अर्धवट विचारलं, हा हात कधी अचानक उचलला जाऊ शकतो का. ते म्हणाले, झटका येऊन हलू शकतो, पण पकड येणं अवघड. वळ दोन दिवसांनी गेला, बोटं पुन्हा मिटली. हात आजही तसाच आहे. चमत्कार वगैरे काही झालेला नाही, कोणी तसं समजू नये. ह्यांना मी पुन्हा पुन्हा विचारलं, तुम्ही होतात का? कसे आलात? ते नुसते बघतात. एकदा डोळे भरून आले, म्हणून विचारणं सोडलं.

माझा थकवाही गेलेला नाही. तीच कामं, तेच गुडघे. मध्ये एकदा शोभाताई आल्या नव्हत्या, तेव्हा झिऱ्यावर एकटी असताना मुद्दाम म्हणून बघितलं, हात लावा हो. काही झालं नाही. आणि मला बरं वाटलं, कारण त्यांची धाप मी बघितलेली आहे.

बाही ओली का होती, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर सांगा, पण मला वेड्यात काढू नका. एवढंच करते की पाण्याला निघताना कडी लावायच्या आधी ह्यांच्याजवळ जाते आणि उजवी बाही कोपरापर्यंत दुमडून ठेवते. तेही हात पुढे करायचा प्रयत्न करतात.