दार लावून मिटिंग

आमच्या चाळीत दिवसा दार लावलं की त्याचे दोनच अर्थ व्हायचे. आत कोणी आजारी आहे, नाहीतर आत भांडण चाललंय. तिसरा अर्थ मी आणला. लालबागच्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर एवढं ऐतिहासिक काम माझ्या हातून घडलं, आणि त्याची पाटी अजून कोणी लावलेली नाही.

मी गोंद विकतो. खोकी चिकटवायचा गोंद. सव्वीस वर्षं फिरतीवर आहे, आणि मुंबईतलं असं एकही गोदाम नाही ज्याच्या जिन्याने माझ्या गुडघ्यांतून काही ना काही काढून घेतलेलं नाही.

लांबच्या माणसांशी एकत्र बोलायची पहिली सोय कंपनीत आली, तो तीन पायांचा एक फोन होता. टेबलाच्या मधोमध तो कोळ्यासारखा बसायचा आणि आम्ही आठ जण त्याच्यावर ओणवे. पलीकडचा माणूस विहिरीत पडून बोलतोय असं वाटायचं. मग भिंतीवर पडदा आला. त्याच्या कॅमेऱ्याला साहेबांचा उजवा कान तेवढा दिसायचा. दिल्लीच्या लोकांनी तो कान इतकी वर्षं पाहिला, की साहेब प्रत्यक्ष गेले तेव्हा विमानतळावर त्यांना कानावरून ओळखलं. खोटं वाटेल, पण साहेब स्वतः सांगतात.

मग टाळेबंदीत मिटिंग घरात शिरली आणि परत गेलीच नाही. परळचं ऑफिस निम्मं रिकामं करून टाकलं. मी माझ्या एकट्याच्या खोलीत, कपाट आणि पलंग यांच्या मध्ये, लॅपटॉप मांडून बसलो आणि पहिल्यांदाच दिवसाढवळ्या दार लावलं.

दहा मिनिटांत दारावर थापा. उघडलं तर शेजारच्या काकू, मागे अख्खा मजला. एकाकडे लिंबूपाणी, एकाकडे थर्मामीटर. मजल्यावरचा टॅक्सीवाला म्हणे मला दवाखान्यात न्यायला खाली मीटर टाकून उभा.

"काय रे, बरां नाय काय तुका?" काकूंनी माझ्या कपाळाला हात लावला.

"काकू, मिटिंग आहे."

"मगे दार कित्याक लावलंस? आमी काय तुझो गोंद चोरतलंव?"

हे सगळं तिकडे बत्तीस जणांनी पाहिलं. मजल्याला शिकवायला मला वर्ष लागलं. पण काकू एकदा शिकल्या त्या पक्क्या. माझं दार लागलं की गॅलरीत फिरून लोकांना कुकर बंद करायला लावायच्या. कबुतरंसुद्धा बिचकून असायची.

गेल्या महिन्यात साहेबांनी ठरवलं की फिरती बंद. गिऱ्हाइकं बंगळुरूच्या ऑफिसातल्या मंडळींनी पडद्यावरूनच सांभाळायची. मी म्हटलं, गोंद पडद्यावर चोळून बघता येतो का? साहेब माणूस सरळ. म्हणाले, "तुमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक कॉलवर घ्या. ते म्हणाले की तुम्हीच यायला हवं, तर तुमची फिरती राहील."

मी निश्चिंत झालो. माझं जुनं गिऱ्हाईक म्हणजे कॉटन ग्रीनचे शेठ. गोंद दोन बोटांत चोळणार, नाकाशी नेणार, छताकडे बघत निकाल देणार, मग चहा. "तू येतोस म्हणून घेतो रे, गोंद काय कुठेही मिळतो," हे मी त्यांच्या तोंडून निदान पाच हजार वेळा ऐकलंय.

मंगळवारी सकाळी अकराला दार लावलं. पडद्यावर आधी शेठांचं छत आलं, मग नाक, मग शेठ. साहेबांनी प्रश्न विचारला. शेठ खुशीत होते.

"हे तर फार सोपं झालं. याचे गुडघे बघितलेत का तुम्ही? माझ्या जिन्यावर तो वर येईपर्यंत मला भीती वाटते. नमुना कुरिअरने पाठवा, मी वास घेऊन इथूनच सांगतो."

"शेठ, आणि चहा?" मी विचारलं.

"घे ना तिकडे. मी इकडे घेतो." आणि त्यांनी कप उचलून कॅमेऱ्याला दाखवला.

मायेने बोलले हो. रागावण्याचीही सोय ठेवली नाही.

साहेब म्हणाले, तीन महिने बंगळुरूच्या लोकांना शिकवा, पुढचं पुढे बघू. निरोप घेऊन होण्याआधीच मिटिंगचा वृत्तान्त आला. तो हल्ली यंत्रच लिहितं. 'ग्राहक समाधानी. फिरती बंद.' सव्वीस वर्षं चार शब्दांत. पुढे हे यंत्र आपल्या जागी मिटिंगलाही बसणार आहे म्हणतात. बसू दे. त्याला गुडघे नाहीत.

पडदा काळा झाला. त्यात माझंच तोंड दिसत होतं. दार लावलेलंच होतं. खरं सांगतो, मी थाप पडायची वाट बघत होतो. कोणीतरी यावं, कपाळाला हात लावावा, लिंबूपाणी नाही तर नुसतं पाणी आणावं. बाहेर पावलं वाजली, आणि दाराशी काकूंचा दबका आवाज आला.

"हळू चला रे. त्याची मिटिंग चालू आसा."

पावलं चवड्यांवर निघून गेली.

उठून दार उघडता आलं असतं. पण उघडलं की सांगावं लागलं असतं. मी लॅपटॉप मिटला आणि त्याच्या झाकणाकडे बघत, बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "हो सर. बरोबर आहे सर."

ती मिटिंग जेवणाची वेळ टळून गेली तरी चालूच होती.