यशोदेचा उतारा

हे मी कोणापाशी बोललो नाही. पोरीपाशीही नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर उठून जा — मला फरक पडत नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं मारुतीला गेलो, नेहमीसारखे. मी आत गेलो. माझी बायको यशोदा बाहेरच उभी राहिली, माझ्या चपला सांभाळत. येताना भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. "टरफलं खिशात काहून कोंबता जी? धुवाले मलेच लागते," म्हणाली. पहाटे तिच्या छातीत कळ आली अन् संपलं.

ती देवळात का जात नव्हती? लोक विचारायचे, ती हसून टाळायची. तिच्या मते तिनं मारुतीची लेकरं, म्हणजे माकडं, मारली होती. मारली नव्हती — हे जगात फक्त मला ठाऊक होतं. काय म्हणाल आता मला?

मी झूमध्ये माकडांच्या पिंजऱ्यावर कामाला होतो. शिक्षण तिसरी. आमची मंदी लहान असताना तिला गोवर निघाला. घरात माता आली म्हणायचं, दाराला कडुनिंब बांधायचा. पोरीनं तापात एकच धोशा लावला — गंगी पाहिजे. गंगी म्हणजे पिंजऱ्यातली लाल तोंडाची माकडीण, पोटाशी पिल्लू असलेली. दुपारी यशोदेचा डोळा लागला तेव्हा मी मंदीला चादरीत गुंडाळलं अन् मागच्या फाटकातून नेलं. जाळीला तोंड लावून पोर शिंकली, खोकली — अन् हसली. गंगीनं तिची बोटं धरून ठेवली. त्याचा मला पस्तावा नाही. माणसाचा गोवर माकडाला लागतो हे मला कोणी शिकवलं होतं?

दुसऱ्या दिवशी यशोदेनं मंदीवरून दहीभात ओवाळून माझ्या हाती दिला. "चौरस्त्यावर नका ठेवू जी, मारुतीच्या लेकरायले चारा. ते इडापिडा पचवते." असला उतारा घेऊन कामावर कोण जातो? नाल्यात फेकला. घरी येऊन सांगितलं — चारला.

मंदी उठून खेळायला लागली, अन् पिंजऱ्यात डोळे गळायला लागले. तोंडावर पुरळ, खोकला, केळ्याला हात नाही. अर्ध्याहून जास्त माकडं गेली. गंगी गेली. पिल्लू मेलेल्या आईला सोडेना, ते मीच ओढून काढलं. तेही गेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, कोणाच्या घरी गोवर होता का? मी नाही म्हणालो. नोकरीपायी. घ्या, तेही सांगितलं.

पण खरं ते पुढंच आहे. माकडं गेल्याचं घरी यशोदेला सांगितलं तशी ती पळी हातात घेऊन खालीच बसली. "माह्या उताऱ्यानं मेले जी? मीच धाडला ना?"

मी जेवत होतो. उतारा नाल्यात गेला, पोरीला मीच नेलं होतं — एवढंच तर बोलायचं होतं.

मी म्हणालो, "भाजी वाढ."

तेव्हापासून ती देवळाची पायरी चढली नाही. मंदीचं लग्न झालं, जोडी मारुतीच्या पाया पडायला आत गेली, तेव्हाही ही बाहेर. नोकरीची भीती म्हणाल तर मी रिटायर होऊनही वर्षं झाली होती. मग काय आड आलं? तिच्या लेखी मी भला माणूस होतो. ते मला सोडवलं नाही.

मंदी सासरहून, कुहीहून पोचली अन् सकाळीच तिरडी उचलली. मी म्हटलं, मारुतीच्या गल्लीतून न्या. साळा म्हणाला, "देवळापुढून मयत नेत नसते, भाऊजी." मी भांडलो. भर रस्त्यात भांडलो, अन् नेली. देवळाच्या दाराशी, ती उभी राहायची तिथंच, तिरडी टेकवायला लावली. सगळं सांगायचं ठरवूनच आणली होती. मंदी माझ्याकडं बघत होती. खांदेकरीही थांबले — म्हातारा काही बोलतो म्हणून. देऊळ उघडं होतं.

मी म्हणालो, "उचला."