दोन गुरू आणि बाळूची कंबर

नवस मी पुष्कळ केले. सोळा सोमवार झाले, शुक्रवारचं आंबट सोडून झालं, संकष्टी तर चालूच आहे. पण कार्ल्याच्या डोंगरावर एकविरा आईपुढे हात जोडून मी म्हटलं, "आई, माझ्या सानिकेला कराटेचा काळा पट्टा मिळू दे. तोवर मी चहा सोडला!" आणि तिथून पुढे मी जो काही घोळ घातला, तो कोणत्या तोंडानं सांगू? ज्या तोंडानं घातला, त्याच तोंडानं सांगते. बसा. चहा टाकलाय.

सानिका माझी लेक. आम्ही कामशेतचे. भाताच्या गिरणीमागच्या हॉलमध्ये ती सात वर्षं सरांकडे शिकत होती. सर इकडचेच, मावळच्या खेड्यातले. बोलणं मोजकं, हात लोखंडी. हॉलच्या भिंतीवर पांढऱ्या दाढीच्या एका गृहस्थांचा फोटो आहे. ते सरांचे सर. मुलं आत शिरताना त्या फोटोला वाकून म्हणतात, "ओस!"

ओस! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कानांवर हातच ठेवले. दिवेलागणीला उंबऱ्यात उभं राहून 'ओस' म्हणतात का कुणी? घर ओस पडतं, गाव ओस पडतं! चार महिने मी मागून हळूच "नांदो, नांदो" म्हणून ते पुसून काढत होते. मग कळलं, जपान्यांचा तो नमस्कार आहे.

तर नवस. तेव्हा सानिकेला नुकताच तपकिरी पट्टा मिळाला होता. मी बोटं मोजली. तपकिरीनंतर काळा, म्हणजे चार-सहा महिने. त्यात काय! घरी आल्यावर सानिका म्हणाली, "आई, तपकिरी पट्टा तीनदा मिळवावा लागतो."

तीनदा! आता देवीला काय सांगू, चुकून बोलले? रोज सकाळी हे माझ्यासमोर फुर्रकन चहा ओढायचे आणि मी ओव्याचं पाणी प्यायचे.

आणि परीक्षेला नाव पाठवणार कोण? सर! सर रागावले की पट्टा गेला, पोरीची सात वर्षं गेली, आणि माझा चहा तर जन्माचा गेला.

...हो हो, तुमचं नंतर सांगा. आधी माझं ऐका.

एके दिवशी सानिका म्हणते, "आई, दर शनिवारी लोणावळ्याला जाणार आहे. तिकडे एक मॅडम आहेत, त्यांच्याकडे काता शिकायचाय." काता म्हणजे समोर कुणी नसताना, ठरलेल्या क्रमानं, हवेतल्या शत्रूशी लढायचं. मी स्वयंपाकघरात रोज तेच करते, पण मला कुणी पट्टा देत नाही.

"दुसऱ्या गुरू?" माझं लाटणं थांबलं.

"पण आई, सर..."

"सरांपुढे लोणावळ्याचं नाव काढायचं नाही!"

का ते सांगते. माझ्या माहेरी गुरू एकच. एकदा गळ्यात माळ घातली की दुसऱ्याच्या दारात चप्पल काढायची नाही. पण पोरगी हटून बसली, आणि परीक्षेत मुलं कात्यावरच अडतात म्हणे. मी ठरवलं, जाऊ दे तिला. पाप माझ्या डोक्यावर. फक्त सरांना कळता कामा नये.

"पण आई, सरांनी..."

"पण नाही नि बिण नाही. मी बघते काय ते."

आणि मी बघितलं! दुसऱ्याच आठवड्यात बाजारात सर समोर.

"ताई, सानिका शनिवारी लोणावळ्याला जाती न्हवं?"

माझ्या हातातली मेथीची जुडी खाली. कळलं वाटतं! "हो, म्हणजे... मामाकडे जाते. माझा भाऊ बाळू. त्याची कंबर धरलीय. हिनं शेकलं की त्याला बरं वाटतं."

सरांनी जुडी उचलून माझ्या हातात दिली. "आसं व्हय," म्हणाले आणि गेले.

आता बाळू म्हणाल, तर लोणावळ्यात बंगल्यांची वायरिंग करतो. शिडीवर खारीसारखा चढतो. आपल्याला कंबर आहे हेसुद्धा त्याच्या कधी ध्यानात आलं नसेल!

पुढच्या वेळी सरांनी विचारलं, "कंबर काय म्हंती?"

"आता गुडघ्यात उतरलंय."

त्याच्या पुढच्या वेळी, "उटाया येतं का?"

"धरून धरून."

श्रावण येईपर्यंत मी सख्ख्या भावाला पार अंथरुणाला खिळवलं. तेही माझ्याच श्रावणी सोमवारच्या उपासात, पोटात अन्न नसताना! सानिका मध्येच म्हणाली, "पण आई, मॅडम..." मी नुसते डोळे वटारले.

आणि मग सर म्हणाले, "ताई, रविवारी मला लोणावळ्याला काम हाय. कंबर बघून येतो. आमच्या सरांनी शिकवलंय मला त्ये. लय जणांची बसवलीय."

घरी पळत जाऊन मी फोन लावला.

"बाळू, रविवारी झोपून राहा."

"तायडे, रविवारी झोपतोच मी."

"तसं नाही रे. कण्हत झोप!"

रविवारी बाळू गोधडी घेऊन पालथा. मी उशाशी, हातात कोमट तेलाची वाटी. सानिका कोपऱ्यात कपाळाला हात लावून. सर आले. त्यांच्यामागून एक बाई आल्या. केस बारीक कापलेले, चाल ताठ.

"ओस, मॅडम!" सानिका ताडकन उभी राहिली.

माझ्या हातातलं तेल सांडलं. लोणावळ्याच्या मॅडम! सरांबरोबर! ज्या दोघांची सावली एकमेकांवर पडू नये म्हणून मी जिवाचं रान केलं, ते दोघं माझ्या भावाच्या खोलीत!

सरांनी गोधडी बाजूला केली आणि दोन्ही अंगठे कमरेत रोवले. "हितं दुकतं?"

"आई गं!"

"आन् हितं?"

"मेलो! अहो, मला काही झालेलं नाही! हिनं सांगितलं म्हणून झोपलोय!"

सरांचे अंगठे हवेत.

मग मी बोलले. सगळं. पदर डोळ्यांना लावून. "सर, पोरीची चूक नाही. मीच तुमच्या चोरून तिला दुसऱ्या गुरूकडे पाठवलं. मला हवं ते बोला, पण परीक्षेतून तिचं नाव काढू नका."

सर मॅडमकडे बघायला लागले, मॅडम सरांकडे.

"आवो ताई," सर म्हणाले, "तिला मीच पाठवलीय."

"तुम्ही?"

"माजा काता कच्चा. आमी दोगं एकाच सरांचे. हॉलमदी फोटू हाय न्हवं, त्यांचे. त्यांनी मला लढत दिली, ह्यांना काता दिला. मी एकट्यानं शिकवलं तर पोरीला आमच्या सरांचं निम्मंच मिळंल. आन् आमचे सर तर सोता तिघांकडं शिकल्याले."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "म्हणजे मामा अंथरुणाला खिळलेत असं सरांकडून कळलं म्हणून मी हिला दर शनिवारी तासभर आधी सोडते, ते..."

तासभर! म्हणजे ज्या पट्ट्यासाठी मी चहा सोडला, त्याचीच शिकवणी मी दर शनिवारी तासभर कापत होते! मी गर्रकन सानिकेकडे वळले. "अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

पोरगी शांतपणे म्हणाली, "पण आई, सर. पण आई, सरांनी. पण आई, मॅडम. किती महिने दुसरं काय सांगत होते?"

माझा जीव असा काही भांड्यात पडला म्हणून सांगू! दोन घरं कुठली, एकाच घराची दोन दारं निघाली, आणि मी बाहेर चपला लपवत बसले होते. दोघांपुढे हात जोडून वाकले आणि तोंडातून निघालं, "ओस!"

"ओस पडली ती माझी कंबर!" गोधडीतून बाळू कण्हला. ह्या वेळी खरा. सरांच्या अंगठ्यांनी धडधाकट कंबर जी धरली, ती दोन आठवडे सुटली नाही. शेकायला रोज मीच जात होते. देवी कुठलंही बोलणं वाया जाऊ देत नाही!

मॅडमनी बुडालेले तास भरून काढले. यंदा सानिकेला काळा पट्टा मिळाला. एक टोक सरांनी धरलं, एक मॅडमनी, आणि गाठ दोघांनी मिळून मारली. फोटोतले दाढीवाले आजोबा हसल्यासारखे वाटले मला. तशीच कार्ल्याला गेले, पायऱ्या चढले, देवीची ओटी भरली. खाली उतरून टपरीवर चहा घेतला, आणि पहिल्या घोटाला रडले.

पण उतरायच्या आधी वर देवीपुढेच नवा नवस बोलून आलेय. समोरच्याचं वाक्य पुरं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. चहा सोडण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे हो! तुम्हीही करा हा नवस. अगदी आजच करा. आणि मघापासून तुम्ही "वहिनी, चहा... वहिनी, चहा..." काय लावलंय?

अगंबाई! सगळा उतू गेला की!

बघा, देवीनं लगेच धरलं मला. माझं राहू द्या, पण हा नवस तुम्ही तरी नीट पाळा!